आमच्या भित्तिपत्रकाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयाच्या मुख्य जिन्याशेजारी दर पंधरवड्याला आमचं भित्तिपत्रक लागतं. कॅम्पस, चालू घडामोडी आणि डिझाईन हे त्याचे तीन विषय. कट्ट्यावर, कॅन्टीनमध्ये, लायब्ररीच्या रांगेत तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. 'मी' आहे तिथे मत माझं एकटीचं, 'आम्ही' आहे तिथे सगळ्या गटाचं.

हे तीन विषय एकत्र कशासाठी? एकमेकांशी काय संबंध?

पावसाळ्यात हा संबंध सगळ्यात स्पष्ट दिसतो. जुलै उजाडला की कोल्हापुरात घराघरात एकच चौकशी: पाणी किती फुटांवर? पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. हा आकडा बातमी तर आहेच. पण चिखली-आंबेवाडीहून किंवा शिरोळकडून येणाऱ्या मुलांचं कॉलेज, परीक्षा, परतीची एसटी, सगळं त्याच आकड्यावर ठरतं, म्हणजे तो कॅम्पसचाही विषय झाला. आणि तो आकडा माणसापर्यंत कसा पोचतो, कळतो की नुसता ऐकू येतो, हे डिझाईन.

जुन्या माणसांना आकड्याची गरज पडत नव्हती. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावर माशाची आकृती आहे. पाणी तिथवर चढलं की 'मच्छिंद्री झाली' एवढंच गल्लोगल्ली पोचायचं आणि लोक धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागायचे. काठावरून दिसणारी, अक्षरओळख नसलेल्यालाही कळणारी आणि पुढे काय करायचं ते सांगणारी खूण. माहिती पोचवण्याचं इतकं चोख काम मी अजून कुठल्या ॲपमध्ये पाहिलेलं नाही.

आज मोबाईलवर संदेश येतो: 'राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला, विसर्ग १४२८ क्युसेक.' वाचणारा घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो, कारण १४२८ म्हणजे थोडं की फार, हेच उमगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. त्या हिशेबानं एका दरवाजातून सेकंदाला ४० हजार लिटर पाणी सुटतं. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत असं धरा, आणि राधानगरी धरणाला असे सात दरवाजे आहेत. हे लिहिलेला तक्ता आम्ही भिंतीवर लावला. शेजारी, पाणी वाढत जाईल तसे कोणते रस्ते अडचणीत येतात तेही दिलं: केर्लीजवळचा रत्नागिरी रस्ता, फारच वाढलं तर शिरोलीजवळचा महामार्ग. त्या आठवड्यात भिंतीपुढे जेवढी गर्दी होती तेवढी कवितांच्या अंकालाही झाली नव्हती.

हातात मोबाईल असताना कागद कोण वाचतं?

जिन्यावरून जाणारा प्रत्येक जण. मोबाईलवर आपल्याला आपल्यासारख्यांचंच दिसतं. भिंतीपुढे मात्र बी.ए.ची मुलगी, बी.एस्सी.चा मुलगा, शिपाई मामा आणि कॅन्टीनचे काका एकाच कागदापुढे उभे असतात आणि तिथल्या तिथे वाद घालतात. मला तो वाद हवा आहे.

नोटीस बोर्डावर तुमचा एवढा राग का?

राग नाही, काळजी आहे. नोटीस कळली नाही की मुलांचे पैसे जातात, वर्ष जातं. एक उदाहरण सविस्तर सांगते.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. मोठी गोष्ट आहे ही. किती घरांत 'पुरे झालं आता शिक्षण' हे वाक्य या निर्णयानं थांबलं असेल.

माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात ही माहिती लागली ती अशी: 'संदर्भीय शासन निर्णयान्वये विहित अटी व शर्तींस अधीन राहून पात्र विद्यार्थिनींनी विहित मुदतीत आवश्यक त्या कागदपत्रांसह...' पानभर एकच परिच्छेद. शेवटची तारीख नवव्या ओळीत, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यामुळे त्यातला ३ आहे की ८ तेही कळेना. गगनबावड्याकडची एक मुलगी ओळीवर बोट ठेवून हळू आवाजात वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं मैत्रिणीला विचारलं, "म्हणजे हॉस्टेलची फीपण माफ का गं?" मैत्रीण म्हणाली, "असंल." त्या एका 'असंल'वर दोघींनी घरी फोन केला. हॉस्टेलची फी त्या सवलतीत नव्हती. शिवाय एकीचा प्रवेश कॅपमधून झालेला नव्हता.

आम्ही तीच नोटीस पुन्हा लिहिली. वर ठळक अक्षरांत: मुलींसाठी फीमाफी. खाली पाच ओळी. कोणाला मिळेल, कोणाला मिळणार नाही, काय माफ आणि काय माफ नाही, कागद कोणते, कोणत्या खिडकीवर कधीपर्यंत. 'माफ नाही' या ओळीत हॉस्टेल, मेस आणि अनामत रक्कम स्पष्ट लिहिली. मूळ नोटीसही शेजारी ठेवली, कारण अधिकृत मजकूर तोच.

तिथल्या कार्यालयातल्या मॅडमशीही बोलले. त्यांचं म्हणणं मला पटलं आणि ते इथे यायला हवं. शासन निर्णयातला शब्द बदलला आणि उद्या कुणी तक्रार केली तर जाब त्यांनाच द्यावा लागणार, म्हणून त्या जसंच्या तसं उतरवून काढतात. भीती खरी आहे. पण त्यावर तोडगाही आहे: निर्णय खाली जोडा आणि वर सोप्या मराठीत पाच ओळी द्या. त्यांनी पुढच्या नोटिशीला तसं केलं, तारीख मोठी आणि सगळ्यात वर. आता प्रत्येक नोटीस अशी निघावी म्हणून आम्ही मागे लागलो आहोत.

पोस्टर करायचं आहे. मराठीसाठी कोणता फॉन्ट वापरू?

फुकट आणि चांगले फॉन्ट आता भरपूर आहेत. लांब मजकुराला 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या. पुस्तकी वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. पण फॉन्टच्या नावापेक्षा महत्त्वाच्या चार गोष्टी आहेत.

एक, ओळींमधलं अंतर. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापानं ओळी बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवून बघा, पान मोकळं होतं. दोन, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तीन, अधोरेखन टाळा, 'कुल' आणि 'कूल' एकच दिसायला लागतात. जोर द्यायचा तर ठळक करा. चार, जोडाक्षरं तपासा. डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' सेटिंग चालू नसेल तर 'विद्यार्थी'चे तुकडे होतात, वेलांटी भलतीकडेच जाते, आणि तसाच बॅनर छापून व्यासपीठावर लागतो. ज्यांच्या नावाचा कार्यक्रम त्यांच्याच पाठीशी मोडलेली मराठी! 'ऱ्या' तर हमखास चुकतो, तो वेगळा टाईप करून बघा.

मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा असावा, असं राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिलं आहे. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात, त्यामुळे हे दोन आकार पाहून घ्या. शाळेत गिरवलेलं अक्षर पोस्टरवर दिसलं की डोळा अडखळत नाही.

सायबर कॅफेतल्या डीटीपीवाल्या दादांकडून मजकूर करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती खूणचिन्हं उरतात, आणि तो मजकूर शोधताही येत नाही, आंधळ्या विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचताही येत नाही.

फ्लेक्सला तुमचा विरोध आहे का?

वाढदिवसाच्या फ्लेक्सनं चौक झाकून टाकायला विरोध आहे. सिग्नल दिसत नाही, वळणावरची गाडी दिसत नाही, झाडाला खिळे मारलेले असतात. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. त्यानंतर तरी हा सौंदर्याचा नव्हे, जिवाचा विषय मानायला हवा.

आणि या शहराला हे शोभत नाही, असं मी मनापासून म्हणते. चित्रकार आबालाल रहिमानांचं हे गाव. बाबूराव पेंटरांनी इथेच कॅमेरा घडवला, इथेच चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरं स्वतः रंगवली. नंतरच्या कित्येक पेंटर मंडळींनी दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, तालमींच्या भिंती हातानं लिहिल्या. शाहूपुरीत, उद्यमनगरात अशा जुन्या पाट्या अजून सापडतात. अक्षराला सावली कुठून पडते, शेवटचा काना किती ओढायचा, हे ठरवलेलं दिसतं. आम्ही त्यांचे फोटो जमवतो आहोत, पाटी उतरण्याआधी.

दुकानांवरच्या मराठी पाट्यांबद्दल तुमचं मत?

२०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सर्व दुकानांवर मराठी नाव सक्तीचं आहे आणि ते इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. नियम हवाच होता. पण आकार मोठा करून काम संपत नाही. इंग्रजी नाव कलाकाराकडून घडवून घ्यायचं आणि मराठी नाव त्याच्या डोक्यावर कुठल्याही फॉन्टमध्ये दडपायचं, असं बऱ्याच पाट्यांवर दिसतं. मराठी अक्षरालाही तेवढाच वेळ आणि तेवढेच पैसे द्या, एवढंच मागणं.

प्राडाच्या चपलांवर तुम्ही सलग अंक काढले. एवढं काय होतं त्यात?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत अंगठ्याच्या उघड्या चपला दिसल्या. कोल्हापुरात पोरासोरांनी ओळखल्या. कंपनीनं सुरुवातीला 'चामड्याच्या सँडल' एवढंच म्हटलं होतं. ओरड झाल्यावर, प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचं मान्य केलं. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं 'लिडकॉम' आणि कर्नाटकाचं 'लिडकर' या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला: २ हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, जोडाची किंमत साधारण ८०० युरो.

गटात यावर दोन मतं पडली आणि दोन्ही छापली. काहींना हा करार म्हणजे जिंकणं वाटलं. मला अर्धं जिंकणं वाटतं. कारण कायदा नीट पाहिला की खरी अडचण दिसते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. हे मानांकन नावाचं रक्षण करतं. नाव न घेता कुणी तसाच घाट उचलला, तर त्याला अडवणं कठीण. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली तीही फेटाळली गेली, दाद नोंदणीधारकानं मागावी म्हणून. म्हणजे चप्पल इथली, पण तिच्या घाटावर कुणाचा हक्क, याचं उत्तर कायद्यात धड नाही. डिझाईन शिकणाऱ्या प्रत्येकानं हा खटला मुळातून वाचावा.

चप्पल लाईन या चपलांच्या बाजारातून फक्त खरेदी करून परतू नका. कारागिरांच्या सुभाषनगरात जाऊन बघा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, त्याचा उग्र वास. रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, तळ कापताना वळणावर हात जराही थांबत नाही. दारात बसलेल्या मावशी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालतात, बोटं इतकी भराभर चालतात की दोनदा बघूनही मला वीण कळली नाही. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. चालून चालून ती पायाचा आकार घेते. हे ज्ञान कोणत्याही डिझाईन महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाइतकं मोठं आहे, आणि ते ज्या समाजाच्या हातात आहे त्याला शतकानुशतकं अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलं. 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणताना हेही म्हणावं लागेल. जोडामागे त्या मावशींच्या हातावर किती पडतात, हा प्रश्न आम्ही प्रत्येक अंकात विचारला आणि विचारत राहणार.

केशवराव भोसले नाट्यगृहाचा विषय अजून का लावून धरला आहे?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक नट केशवरावांची जयंती होती. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' म्हणून उभं केलेलं ते घर, शेजारी खासबागचं कुस्ती मैदान. नाटक आणि कुस्ती एकाच आवारात मांडणारा राजा होता हा. त्या रात्री कितीतरी नट, बॅकस्टेजवाले, एकांकिकेला धावणारी आमच्या वयाची पोरं रस्त्यावर उभी राहून रडली.

पुन्हा बांधायचं ठरलं, काम सुरूही झालं. पण बाहेरून हुबेहूब उभं राहिलं म्हणजे झालं नाही. शेवटच्या रांगेत आवाज कसा पोचतो, व्हीलचेअरवरचा प्रेक्षक कुठे बसतो, विंगेतून किती पावलांत बाहेर पडता येतं, आग लागली तर दार कुठे, हे प्रश्न वास्तुकलेच्या मुलांनी नकाशे समोर ठेवून विचारावेत. आम्ही जागा देऊ.

तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? कोणता पक्ष?

कोणताच नाही, पण बाजू आहे. दसरा चौकात उभं राहून चारी बाजूंना बघा. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली बोर्डिंगं दिसतील. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागास समाजांसाठी राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर झोपणार कुठे आणि जेवणार काय, इथून त्यांनी सुरुवात केली. आमचीही बाजू तीच. म्हणून हॉस्टेलच्या पाण्यावर, मेसच्या दरावर, मुलींच्या गेटच्या वेळेवर आम्ही लिहितो. मुलांना रात्री अकराला आत घेणारं गेट मुलींना सातला बंद होत असेल, तर लायब्ररी दहापर्यंत उघडी ठेवून मुलींना काय उपयोग?

सर्किट बेंचवर का लिहिलं? आपल्याला काय त्याचं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या न्यायपीठाचं, कामकाज कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. विधी शाखेच्या मुलांना उच्च न्यायालयातला युक्तिवाद गावातच ऐकता येतो. आणि कुठल्या इमारतीत, कोणत्या खिडकीवर जायचं, याचे ठळक मराठी फलक असले की दोडामार्गहून आलेल्या आजोबांचा अर्धा दिवस वाचतो.

कोल्हापुरात राहून डिझाईन शिकता येईल का?

येईल. चित्रकला आणि उपयोजित कलेसाठी कलानिकेतन आणि दळवीज् ही नावं इथे सगळ्यांना माहीत आहेत. शाळेत असाल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा सोडू नका. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची डॅट आणि आयआयटीची यूसीड या डिझाईनच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षा, त्यांची तयारी जुने पेपर सोडवून घरी करता येते. बाकी, क्लासला पैसे नसतील तर रविवारी वही घेऊन बाहेर पडा. टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघा, पापाच्या तिकटीला भांडी बघा, गणपतीच्या आधी बापट कॅम्पात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघा. काढून बघा, नुसता फोटो घेऊ नका. हात जे शिकतो ते फोटोतून येत नाही.

मला लिहायचंय. कसं देऊ?

एका बाजूला लिहिलेला कागद, शक्यतो अडीचशे शब्दांच्या आत, दर दुसऱ्या शुक्रवारपर्यंत लायब्ररीतल्या पेटीत. अक्षर खराब असलं तरी चालेल, आमच्याकडे लिहून काढणारे हात आहेत. बातमीवर लिहिणार असाल तर तारीख आणि आकडा कुठून घेतला ते मागच्या बाजूला लिहा, आम्ही तपासतो. नाव छापायचं नसेल तर तसं सांगा. तक्रार असेल तर माणसाचं नाव नको, काय घडलं आणि काय बदलायला हवं ते हवं.

गावाकडच्या एखाद्या फलकाचा फोटो दिला तर चालेल?

चालेल, आम्हाला हवाच आहे. एसटी स्टँडचं वेळापत्रक, ग्रामपंचायतीचा फळा, दूध डेअरीचा फॅट-दराचा बोर्ड, काहीही. समोरून काढा, चारही कडा दिसू द्या. आणि एक फोटो फलक वाचणारा माणूस जिथे उभा राहतो तिथून काढा, म्हणजे त्याला नेमकं किती दिसतं ते कळेल. कोणाचा चेहरा येत असेल तर आधी विचारा. गाव, तालुका आणि तारीख लिहायला विसरू नका.